पहिल्यांदा स्ट्रेटनर वापरणाऱ्यांसाठी: केस कोरडे, ताप बेताचा, फेरा एकच

बेळगावात जूनमध्ये पाऊस लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला गणपतीपर्यंत भिंतींची ओल जात नाही. या दिवसांत पार्लरमध्ये येणाऱ्या मुलींची तक्रार ठरलेली. घरी तासभर बसून केस प्रेस केले आणि बसस्टँडपर्यंत पोचेतो पुन्हा जसेच्या तसे झाले. मग त्या ताप वाढवतात. आकडा २३० अंश सेल्सिअसवर नेतात, एकाच बटेवरून पाच-सहा वेळा मशीन ओढतात. दोन महिन्यांनी केसांची टोकं झाडूसारखी झालेली असतात. ताप मुळात कमी पडलेलाच नसतो. बहुतेक वेळा केस आतून पुरते वाळलेले नसतात, नाहीतर थंड होण्याआधीच त्यांतून फणी फिरलेली असते.

म्हणून नवीन शिकणारीला मी आधी मशीन देत नाही. प्लेट केसाला लागण्याआधीची तयारी आणि लागून गेल्यानंतरची पाच मिनिटं, एवढं जमलं की मधलं काम सोपं आहे.

तापाने केसात नेमकं काय होतं

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे बंध दोन-तीन प्रकारचे असतात. त्यांतले हायड्रोजन बंध नाजूक. पाण्याने सुटतात, तापाने सुटतात आणि केस वाळला किंवा थंड झाला की त्या क्षणी तो ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा पडलेल्या असतात त्या यामुळेच. स्ट्रेटनर हेच काम तापाने काही सेकंदांत करतो.

दुसरे बंध गंधकाचे, ते पक्के. ते सोडवायला रिबाँडिंगमध्ये, म्हणजे पार्लरमध्ये केस कायमचे सरळ करताना, वापरतात तसं रसायन लागतं. घरच्या स्ट्रेटनरने ते सुटत नाहीत. तेव्हा १७० वर सरळ केलेला केस आणि २३० वर सरळ केलेला केस, दोन्ही पुढच्या न्हाण्यापर्यंतच टिकणार. हवेतली ओलही पाण्याचंच काम हळूहळू करते, म्हणून पावसाळ्यात मूळचं वळण लवकर परत येतं. जास्त ताप देऊन जास्त दिवस मिळत नाहीत, नुसता केस जळतो.

मशीन घेताना

खडेबाजार, गणपत गल्लीपासून निपाणीच्या बाजारापर्यंत स्ट्रेटनर कुठेही मिळतो. मी दोनच गोष्टी आधी बघायला सांगते. एक, ताप कमी-जास्त करता येतो का? नुसतं चालू-बंद बटण असलेली मशीन एकाच तापावर चालतात आणि तो बहुतेक वेळा नाजूक केसांना जास्तच असतो. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आकडे दाखवणारं मशीन घ्या. दोन, आयएसआयची खूण आणि बिल. बिल नाही तर गॅरंटीही नाही.

प्लेट सिरॅमिकची असेल तर ताप सगळीकडे सारखा लागतो. पहिल्या मशीनला तीच बरी. टायटॅनियम झटकन आणि जास्त तापतं, ते जाड केसांवर सराव झालेल्या हातासाठी. खांद्यापर्यंतच्या केसांना एक इंच रुंदीची प्लेट पुरते आणि तिनेच लाटाही पाडता येतात. कमरेपर्यंतच्या दाट केसांना दीड-दोन इंचांची घ्या, नाहीतर हात भरून येतात. दुकानातच प्लेट मिटून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसत असेल तर तिथे केस नीट दाबला जात नाही आणि मग उगाच फेरे वाढतात.

आपल्याकडे घरटी कोणीतरी बाहेरगावी असतं आणि मशीन भेट म्हणून येतं. अमेरिकेतून आलेलं असेल तर वायरीजवळचं लेबल वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लेबलवर ११०–२४० असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त लावा. फक्त १२० असेल तर लावू नका. बाजारात मिळणारी कन्व्हर्टर पिन नुसती आपल्या सॉकेटला जुळवून देते, व्होल्ट बदलत नाही. दुबई-मस्कतहून आलेल्या मशीनला ही अडचण नसते, तिथला दाब आपल्यासारखाच. फक्त पिन जाड चौकोनी असते.

धुणं आणि वाळवणं

तेल लावलेल्या केसांवर स्ट्रेटनर कधीही फिरवू नका. खोबरेल तेल केसाला चांगलंच आहे. ते केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. पण त्याची जागा न्हाण्याआधी. प्लेटखाली तेल तापतं, धूर येतो आणि केस चिकट पडतात.

आदल्या रात्री तेल, सकाळी शाम्पू आणि मग कंडिशनर, असा क्रम ठेवा. शहरात राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर ठीक. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार केसावर बसतात, केस खरखरीत होतो आणि फणी अडकते. अशा घरी निदान शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या. फरक हाताला कळतो.

टॉवेलने केस चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग रुंद दातांच्या फणीने टोकांकडून सुरुवात करून गुंता काढा आणि केस वाळवा, पूर्ण वाळवा. लग्नाच्या दिवसांत हमखास कोणीतरी म्हणते, "अक्का, वाळवत बसायला वेळ नाही ओ, तसंच फिरवा की." मी फिरवत नाही. ओल्या केसात शिरलेलं पाणी प्लेटखाली क्षणात वाफ होतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. वरून काही दिसत नाही. पुढे काही दिवसांनी केस नेमका तिथेच तुटतो. "ओल्या केसांवर चालणारा" असं डब्यावर लिहिलेलं मशीन असेल तर गोष्ट वेगळी, त्याला वाफ जायला फटी असतात. साध्या मशीनचा तसा उपयोग करू नका.

वाळले की नाही ते वरच्या थरावरून ओळखू नका. मानेवरच्या केसांत आणि कानामागे बोटं घाला. तिथे गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात पंख्याखाली दोन तास बसूनही ती ओल राहते, तेव्हा ड्रायर वापरा. ड्रायर हातभर लांब, मध्यम तापावर, हवा मुळांकडून टोकांकडे. उलट हवा मारली की केसावरचे खवले उभे राहतात आणि केस फुलतो.

आता हीट प्रोटेक्टंट. हा स्प्रे किंवा क्रीम म्हणजे बहुतेक सिलिकोन. बाटलीवर डायमेथिकोन किंवा त्यासारखं नाव दिसेल. केसावर पातळ थर बसतो आणि ताप एकदम न लागता सावकाश आत जातो. त्याने नुकसान कमी होतं, पण संपत नाही. स्प्रे मारल्यावर फणी फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. स्प्रेही ओलाच असतो.

किती ताप

पातळ, रंगवलेले किंवा आधीच कोरडे पडलेले केस असतील तर १३० ते १५०. मध्यम केसांना १५० ते १८०. दाट, जाड, मुळात कुरळे असतील तर १८० ते २००. त्याच्या पुढे घरी जायचं कारण नाही, २०० नंतर नुकसान झपाट्याने वाढतं. सुरुवात नेहमी आपल्या गटाच्या खालच्या आकड्यापासून करा. मागची एक आतली बट घेऊन बघा. एका सावकाश फेऱ्यात ती सरळ झाली तर तोच तुमचा आकडा, लिहून ठेवा. नाही झाली तर १० अंश वाढवा.

ज्यांच्या मशीनला आकडेच नाहीत त्यांच्यासाठी जुनी युक्ती. फ्रान्समध्ये मार्सेल ग्रातोने १८७२ च्या सुमाराला तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडायची पद्धत आणली. त्या चिमट्यांना कसले आकडे! कारागीर आधी पांढरा कागद चिमट्यात धरून बघत. तुम्ही पांढरा टिश्यू पेपर प्लेटमध्ये दोन-तीन सेकंद धरा. पिवळट किंवा तपकिरी झाला तर मशीन बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा बघा. कागद पांढरा राहिला तरच केसाला लावा.

काम करताना नाक-कान उघडे ठेवा. चर्र असा आवाज आला तर केस ओले आहेत, थांबा. स्प्रेचा हलका वाफारा एखादवेळी दिसतो, त्याला घाबरू नका. पण पीस जळल्यासारखा उग्र वास आला तर तो केराटिनमधल्या गंधकाचा वास. म्हणजे केस जळतोय.

प्रत्यक्ष हात कसा चालवायचा

आरसा, उजेड, सेक्शन क्लिपा, बारीक दातांची फणी आणि मशीन ठेवायला कडाप्पा किंवा फरशीचा तुकडा, एवढं जवळ घेऊन बसा. गादीवर किंवा साडीच्या घडीवर तापलेलं मशीन ठेवायचं नाही. नायलॉन, पॉलिस्टरला ते एका क्षणात भोक पाडतं.

भांगापासून मानेपर्यंत केसांचे दोन भाग करा, मग कानापासून कानापर्यंत आडवी रेघ काढून चार. सगळे वर गुंडाळून क्लिपा लावा. सुरुवात मानेवरच्या थरापासून, एकेक थर खाली सोडत वर यायचं. वरून सुरुवात केली की आतले केस राहून जातात आणि तासाभरात तेच वरच्यांना फुगवतात.

बट दोन बोटं रुंद घ्या आणि इतकी पातळ, की मागे धरलेल्या फणीचे दात आरपार दिसावेत. नवीन हातांची चूक इथेच होते. घाईत जाड बट घेतली की बाहेरचे केस भाजतात, आतल्यांना ताप लागतच नाही आणि मग तीच बट पुन्हा-पुन्हा ओढली जाते. पातळ बट, एकच फेरा. यात वेळही कमी जातो, करून बघा.

बट ताणून धरा. टाळूपासून बोटभर अंतर सोडून प्लेट मिटा. दाब हलका, केस निसटू नये इतकाच. जोरात दाबलं की तिथे आडवी घडी पडते आणि ती काढायला पुन्हा ताप द्यावा लागतो. दुसऱ्या हातातली फणी प्लेटच्या पुढे-पुढे चालवा, तिच्या मागून प्लेट. वेग एकसारखा. खांद्यापर्यंतच्या बटेला पाच-एक सेकंद, कमरेपर्यंतच्या बटेला दहा-बारा. मध्ये थांबायचं नाही. टोकाला आल्यावर मनगट किंचित आत वळवा, म्हणजे टोकं काडीसारखी उभी दिसत नाहीत. टोकं हा केसाचा सर्वांत जुना भाग, तिथे प्लेट रेंगाळू देऊ नका.

कपाळावरची बारीक लव स्ट्रेटनरने बसवायला जाऊ नका. त्यात भाजतंच. जुना टूथब्रश घेऊन त्यावर थोडं जेल लावा आणि लव मागे फिरवा.

सगळं झालं की पाच मिनिटं केसांना हात लावू नका. बंध जुळतात ते थंड होताना, हे वर सांगितलंच. गरम असताना कानामागे अडकवले तर तो वाक दिवसभर राहतो. गार झाल्यावर सिरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त खालच्या अर्ध्या केसांना लावा.

लाटा आणि कुरळे केस

स्ट्रेटनरनेच लाटा पाडायच्या तर बट मध्यावर पकडा, मनगट चेहऱ्यापासून लांब अर्धं फिरवा आणि त्याच वळणात खाली सरकत या. पहिले काही दिवस बंद मशीनवर सराव करा. हाताला वळण लागलं की तापवा.

टाँग (बट गुंडाळून कुरळी करायचा तापणारा गोल दांडा) घेणार असाल तर २५ मिलिमीटर जाडीची. १९ च्या टाँगने घट्ट बारीक कुरळं होतं, ३२ ने सैल लाट पडते. आपल्या बाजूच्या मुलींचे केस लांब आणि वजनदार. त्यांच्या वजनानेच तासाभरात कर्ल अर्धा उलगडतो. तेव्हा हवा त्यापेक्षा थोडा घट्टच घाला. बट मध्यापासून गुंडाळा, टोक शेवटी आणि आठ-दहा सेकंद धरा. टाँग काढताना कर्ल ओढून सरळ करू नका, नुसती सरकवून बाहेर काढा. तो गरम कर्ल तळहातावर झेला, तसाच गोल गुंडाळून क्लिपेने डोक्याला लावा आणि थंड होऊ द्या. टिकण्याचं सगळं गमक या क्लिपेत आहे. सगळं डोकं गार झाल्यावर क्लिपा काढा आणि बोटांनी मोकळं करा, फणीने नाही.

लग्नातल्या खोप्यासाठी किंवा अंबाड्यासाठी क्रिम्पिंग मशीनचा (केसांना बारीक नागमोडी घड्या पाडणाऱ्या) फार उपयोग होतो. टाळूवरचा वरचा थर बाजूला करून आतल्या केसांना मुळाजवळ क्रिम्प करा, वरचा थर त्यावर सोडा. पिनांना पकड मिळते, केस भरलेले दिसतात आणि टोकांकडून मुळांकडे उलटं विंचरून केस तोडावे लागत नाहीत. गंगावन लावणार असाल तर आधी विचारून घ्या, खऱ्या केसांचं आहे की नायलॉनचं. नायलॉनचं गंगावन स्ट्रेटनरला लागलं की वितळून प्लेटला चिकटतं आणि मशीनही जातं. कळत नसेल तर त्याला ताप लावू नका.

गजऱ्याबद्दल एक. फुलवाली मोगऱ्यावर, अबोलीवर पाणी शिंपडून देते. तो ओला गजरा कर्लवर माळला की त्याच्या आजूबाजूचे कर्ल आधी सुटतात. गजरा झटकून, कापडावर दहा मिनिटं ठेवून मग माळा.

आपल्या हवेत टिकवायचं तर

पावसाळ्यात पूर्ण सरळ करण्याचा हट्ट सोडावा, असं माझं मत आहे. सैल लाटा पाडल्या तर ओलीने थोडं वळण आलं तरी त्या लाटांतच मिसळून जातं. बाहेर पडायच्या अर्धा तास आधी काम संपवा. गाडीवर जायचं असेल तर केस गार झाल्यावर मानेजवळ सैल बांधा, मग हेल्मेट. रबराची खूण पडू नये म्हणून कापडी बँड वापरा. हेअर स्प्रे मारायचा तर सगळ्यात शेवटी, मशीनची पिन काढल्यावर. तो पेट घेतो.

डिसेंबर-जानेवारीत उलट. हवा कोरडी आणि थंड असते, केस फणीला चिकटतात, उडतात. तेव्हा ताप १० अंश कमी ठेवा आणि सिरमचा एक थेंब फणीलाच लावा.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुसऱ्या दिवशी फक्त पुढच्या दोन बटा सारख्या करा, सगळं डोकं नाही. लहान मुलींना गॅदरिंगसाठी कुरळे केस हवे असतील तर आदल्या रात्री किंचित ओल्या केसांच्या बारीक वेण्या घाला. ताप लागतच नाही आणि त्या चुळबुळ करताना कान भाजायची भीती नाही.

वीज, भाजणं आणि मशीनची निगा

हेस्कॉमची वीज कामाच्या मध्येच गेली तर पहिल्यांदा पिन काढा. सरकत्या बटणाचं मशीन वीज आल्यावर आपोआप पुन्हा तापायला लागतं, आणि तोवर आपण ते विसरून दुसऱ्या खोलीत गेलेलो असतो. लहान स्ट्रेटनर इन्व्हर्टरवर चालतो, त्याला वीज थोडी लागते. ड्रायर मात्र हजार वॅटच्या वरचा असतो, घरगुती इन्व्हर्टरवर लावू नका. न्हाणीघरात किंवा ओल्या हाताने दोन्हीही नको.

भाजलं तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. मान किंवा कान असेल तर गार पाण्याचं स्वच्छ कापड बदलत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा डोळ्याजवळ भाजलं असेल तर डॉक्टरांकडे जा.

प्लेटवर स्प्रेचा तपकिरी थर साचतो. तो बटेला अडवतो आणि ताप सारखा लागू देत नाही. पिन काढून मशीन कोमट होऊ द्या आणि ओलसर मऊ कापडाने पुसा. थर जुना असेल तर पूर्ण गार झाल्यावर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नका. थराबरोबर प्लेटचा मुलामाही निघतो आणि त्या खडबडीत जागी केस अडकून तुटतो. तसा टवका आधीच उडालेला असेल, तर ते मशीन बदलायचं. वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळून ठेवू नका, मुळाशी मोडते. सैल वळी करून ठेवा आणि महिन्यातून एकदा ती जागा बोटाने चाचपून बघा. आतली तार लागली किंवा वळवल्यावर दिवा लुकलुकला, तर दुरुस्त करून आणेपर्यंत मशीन लावू नका.